घरचा क्रॅनबेरी सॉस: थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मला विचारले जाणारे सगळे प्रश्न

थँक्सगिव्हिंग म्हणजे इथे अमेरिकेतला नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा सण, सगळ्यांनी मिळून जेवायचा, त्यामुळे नोव्हेंबरचा तिसरा आठवडा लागला की फोन सुरू होतात. अगं तो लाल सॉस कसा करतेस, त्या आंबट फळांचं काय करायचं, कुणाकडे तरी जेवायला बोलावलंय आणि त्यांनी सांगितलंय की तू क्रॅनबेरी सॉस आण. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, इथे क्रॅनबेरी म्हणजे आपल्या कोकणातल्या कोकमासारखी घरची गोष्ट आहे, आणि चौदा वर्षं दर वर्षी हा सॉस केलाय म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं.

हा सॉस म्हणजे नक्की काय? जॅम, चटणी का मुरांबा?

मुरांब्याच्या सगळ्यात जवळचा. आंबट फळ, साखर, थोडं पाणी, गॅसवर शिजवायचं आणि गार झालं की आपोआप आळतं, बस. आपण कैरीचा साखरांबा करतो त्यातलंच शास्त्र आहे, फक्त इथे फळ चिरायचं नाही, किसायचं नाही, सोलायचं नाही, त्यामुळे साखरांब्यापेक्षा दसपट सोपा. सणाला टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात, त्याच्या कोरड्या मांसाबरोबर काहीतरी आंबटगोड ओलसर हवं म्हणून तो ताटात असतो, आपल्याकडे डावीकडे चटणी-लोणचं वाढतो ना, अगदी तीच जागा. ज्यांच्या घरी पहिल्यांदा गेले होते त्यांच्या आजींनी मला ताटात एक चमचा वाढला आणि मी तो बोटाने चाटून संपवला, तेव्हापासून आमचं जमलंय.

मूळ प्रमाण पटकन सांग.

३४० ग्रॅमची क्रॅनबेरीची एक बॅग (इथल्या हिशोबाने १२ औंस, मोजून साधारण ३ कप फळ), १ कप साखर, १ कप पाणी, चिमूटभर मीठ. पाणी आणि साखर उकळायला ठेवा, साखर विरघळली की धुतलेली फळं टाका, परत उकळी आली की आच मध्यमपेक्षा जरा कमी करा आणि दहा मिनिटं शिजू द्या, मधून मधून ढवळा. फळं फट फट फुटायला लागतात, मोहरी तडतडते तशी, घाबरू नका पण चेहरा पातेल्यावर नेऊन बघत बसू नका कारण गरम पाक उडतो. बहुतेक फळं फुटली की गॅस बंद. याचा साधारण सव्वादोन कप सॉस होतो, आठ-नऊ माणसांना पुरतो.

हे बॅगेवर पण छापलेलं असतं, ते बरोबरच आहे, मी काही वेगळं शोधून काढलेलं नाही.

दहा मिनिटं झाली तरी पाण्यासारखाच दिसतोय, अजून शिजवू का?

नको!! हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त सॉस इथेच बिघडतो. माझा पहिल्या वर्षीचा असाच गेला, गॅसवर पातळ दिसतोय म्हणून पंचवीस मिनिटं आटवत बसले आणि दुसऱ्या दिवशी बरणीतून चमच्याने उकरावा लागला, गोळीसारखा कडक, आणि ते तसंच घेऊन मला जेवायला जावं लागलं, वाईट वाटलं होतं खूप.

काय होतं ते सांगते म्हणजे परत परत शंका येणार नाही. क्रॅनबेरीत पेक्टिन भरपूर असतं, पेरूत आणि कैरीत असतं तेच, आणि फळ जबरदस्त आंबटही असतं. पेक्टिन, आंबटपणा आणि साखर ही तिघं एकत्र आली की जाळं धरतं आणि पाणी त्यात अडकून बसतं, पण हे जाळं गरम असताना धरत नाही, गार होताना धरतं. म्हणजे गॅसवरचा सॉस पातळ दिसणारच, तो पातळच असायला हवा. खोलीच्या तापमानाला आला की दाट होतो आणि रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की चमच्यावरून घरंगळत नाही. जास्त वेळ उकळलं तर दोन गोष्टी होतात, पाणी उडून साखर जास्त होते आणि फार लांबवलं तर पेक्टिनच तुटायला लागतं, मग चिकट पाक राहतो, आळलेला सॉस नाही.

खात्री करायची असेल तर आमची आई मोरावळ्याला करायची तेच करा, एक स्टीलची बशी दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, तिच्यावर अर्धा चमचा सॉस टाका, एक मिनिट थांबा आणि बोटाने मधून रेघ ओढा. रेघ भरून आली नाही तर झालाय. भरून आली तर अजून दोन मिनिटं, दोनच. आणि चव सुद्धा गार झाल्यावर ठरवा, गरम असताना गोड जास्त लागतो आणि गार झाल्यावर आंबट तुरटपणा वर येतो.

मग फार घट्ट झालाच तर?

पाव कप पाणी किंवा संत्र्याचा रस घालून मंद आचेवर गरम करा, ढवळत रहा, सैल होतो. जळला असेल तर मात्र काही उपाय नाही, नवीन करा, एक बॅग जास्तीची आणून ठेवायची ती यासाठीच.

साखर एक कप म्हणजे फार वाटते, कमी केली तर?

पाऊण कप साखरेत छान होतो, मी स्वतः पाऊणच घालते. अर्ध्या कपावर आलात की सॉस नीट आळत नाही आणि तोंड वाकडं होईल इतका आंबट लागतो, कारण या फळात स्वतःची साखर फारच कमी आहे, १०० ग्रॅममध्ये ४ ग्रॅमच्या आसपास. हिशोब असा की एक कप साखर म्हणजे साधारण २०० ग्रॅम आणि सव्वादोन कप सॉस म्हणजे ३६ मोठे चमचे, म्हणजे एका मोठ्या चमच्यात साडेपाच ग्रॅमपेक्षा जरा जास्त, वरून घातलेली साखर. ज्यांना शुगर आहे त्यांनी हा आकडा धरून किती घ्यायचा ते ठरवा, एक चमचा घेतलात तर एक पेढा खाल्ल्यापेक्षा कमीच आहे.

बिनसाखरेची गोडी देणाऱ्या पावडरी घालून करता येतो पण त्यात साखरेसारखं जाळं धरत नाही, शिवाय काही पावडरी फ्रीजमध्ये परत खडे धरतात आणि सॉस दातांखाली कचकचतो. तसा करायचाच असेल तर थोडाच करा आणि त्याच दिवशी संपवा.

गूळ चालेल का?

चालेल, पण रंग जातो. या सॉसचं अर्धं सौंदर्य त्या माणकासारख्या लाल रंगात आहे आणि गुळाने तो तपकिरी होतो. मला टर्कीबरोबरच्या सॉसला साखर आणि खाली दिलेल्या मेथांब्याला गूळ असंच आवडतं. आणि गूळ म्हणजे साखर नाही असं समजून शुगरवाल्यांना दुप्पट वाढू नका, कृपा करून.

कुठल्या भांड्यात करू? बीडाची कढई आहे.

स्टीलच्या पातेल्यात करा. फळ इतकं आंबट आहे की लोखंडाची कढई, साधं अॅल्युमिनियम, कल्हई नसलेलं पितळ तांबं यातलं काहीही नको, चवीला धातू लागतो आणि रंग काळपट होतो. पातेलं उंच घ्या, फेस वर येतो. दोन-तीन बॅगांचा एकदम करणार असाल तर रुंद पातेलं घ्या आणि उकळायला वेळ जास्त लागेल हे धरून चला.

बॅग कशी बघून घ्यायची? आणि फ्रोझन चालते का?

फळं टणक, चकचकीत हवीत. दाबलं तर लिबलिबणारी, तपकिरी पडलेली काढून टाका, एका बॅगेत मूठभर तरी निघतातच. पांढरट गुलाबी असतील तर ती खराब नसतात, फक्त रंग कमी चढलेला असतो, ती घाला. ताजं चांगलं फळ टेबलावर टाकलं तर चेंडूसारखं उडी मारतं, कारण आत हवेच्या चार पोकळ्या असतात, आडवं कापून बघा, मुलांना दाखवायला फार छान आहे. याच हवेमुळे फळं पाण्यावर तरंगतात आणि म्हणूनच इथले शेतकरी कापणीच्या वेळी अख्ख्या शेतात पाणी सोडतात, मशीनने वेली हलवतात, फळं सुटून वर येतात आणि सगळं शेत लाल होतं. ऑक्टोबरमध्ये केप कॉडच्या बाजूला, वेअरहॅम कार्व्हरकडे कधी गेलात तर नक्की थांबून बघा, मी आईबाबांना घेऊन गेले होते आणि बाबा अर्धा तास कुंपणाला धरून उभे होते, भातशेतीत पाणी सोडतात तसं बांध घालून पाणी अडवलेलं बघून त्यांना इतका आनंद झाला! तिथेच डेनिस नावाच्या गावात हेन्री हॉल या माणसाने १८१६ च्या सुमारास पहिल्यांदा क्रॅनबेरीची लागवड केली, वाऱ्याने वाळू उडून वेलींवर बसली की वेली जास्त जोमाने वाढतात हे त्याच्या लक्षात आलं होतं, आजही या शेतांत वाळूचा थर देतात. आता मात्र सगळ्यात जास्त पीक विस्कॉन्सिनमध्ये येतं, मॅसॅच्युसेट्स दुसरं.

बॅगेतली ताजी फळं बहुतेक कोरड्या शेतातून काढलेली असतात, पाण्यातली जास्त करून ज्यूस, सॉस आणि सुकवण्यासाठी जातात.

फ्रोझन अगदी चालते. वितळवू नका, तशीच पाकात टाका, दोन-तीन मिनिटं जास्त लागतील. ताज्या बॅगा दुकानात ऑक्टोबर ते डिसेंबर असतात, तेव्हा चार आणून बॅगेसकट फ्रीजरमध्ये टाका, वर्षभर मिळतं.

किती दिवस आधी करून ठेवू?

दोन-तीन दिवस आधी करा, चव मुरते. फ्रीजमध्ये झाकण लावून दहा दिवस आरामात राहतो. गुरुवारी सकाळी तर अजिबात करू नका, त्या दिवशी ओव्हन आणि गॅस दोन्ही बिझी असतात आणि गार व्हायला वेळच मिळत नाही.

कॅनमधला आणला तर काय बिघडलं?

काहीच बिघडत नाही, पुष्कळ अमेरिकन घरांत तोच लागतो आणि कॅनच्या रेघा उमटलेली ती लाल वडी आडवी कापून वाढतात, लहानपणची आठवण असते लोकांची, तिला नावं ठेवू नका. त्याची गोष्ट पण मला आवडते. मार्कस युरान नावाचे एक वकील होते, त्यांनी क्रॅनबेरीची शेतं घेतली आणि १९१२ मध्ये सॉस कॅनमध्ये भरायला सुरुवात केली, म्हणजे जी फळं कापणीत चेपतात ती वाया जाऊ नयेत आणि दोन महिन्यांचं पीक वर्षभर विकता यावं. पुढे १९३० मध्ये त्यांनी आणि आणखी दोघा शेतकऱ्यांनी, त्यात एलिझाबेथ ली नावाच्या एक बाई होत्या, मिळून सहकारी संस्था काढली, तीच ओशन स्प्रे. म्हणजे आपल्या साखर कारखान्यांसारखीच, ती अजूनही शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे, दुकानात ते नाव बघून मला प्रवरानगर आठवतं. ती वडी देशभर मिळायला लागली १९४१ मध्ये, आणि योगायोग असा की थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीच करायचा हा कायदा पण त्याच वर्षी झाला.

पण चवीचं विचाराल तर घरचा तो घरचा. पंधरा मिनिटांचं काम आहे, त्यासाठी कॅन का उघडायचा.

संत्र, दालचिनी, काय काय घालता येतं?

पाण्याऐवजी अर्धं पाणी अर्धा संत्र्याचा रस आणि शेवटी अर्ध्या संत्र्याची किसलेली साल, हे सगळ्यांना आवडतं. साल किसताना फक्त वरची नारिंगी घ्या, खालचा पांढरा भाग आला की कडू होतो, आणि क्रॅनबेरी मुळातच तुरट आहे त्यामुळे ते लगेच कळतं. दालचिनीचा एक तुकडा, दोन लवंगा (मोजून दोन, आणि वाढायच्या आधी काढा), आल्याचा एक इंच तुकडा ठेचून, चक्रीफूल, यातलं एक किंवा दोन निवडा. सगळं घातलंत तर गरम मसाल्याचा वास येतो आणि फळ कुठे गेलं कळत नाही. वेलदोड्याने मला तरी तो शिऱ्यासारखा लागतो, मी घालत नाही.

आंबटपणा मारायला सोडा घाला असं कुणी सांगतं, तो फार तर चिमूटभर, कारण सोड्याने फेस वर येतो, लाल रंग जांभळट होतो आणि आंबटपणा गेला की आळणंही मंदावतं. मी साखर दोन चमचे वाढवते, सोडा घालत नाही.

आपल्या चवीचा करता येईल का? घरच्यांना नुसतं गोड आवडत नाही.

येईल, आणि मला विचाराल तर तोच जास्त चांगला लागतो. क्रॅनबेरीचा मेथांबा! कैरीचा करतो तसाच. छोट्या पातेल्यात दीड मोठा चमचा तेल, तापलं की अर्धा चमचा मोहरी, ती तडतडली की आच अगदी बारीक करून अर्धा चमचा मेथीदाणे, ते बदामी होईपर्यंतच, काळे झाले की सगळं कडू, मग हिंग, पाव चमचा हळद, लगेच बॅगभर फळं घाला आणि झाकण ठेवा कारण फळं तेलात उडतात. फळं धुवून अगदी कोरडी पुसलेली हवीत. पाव कप पाणी घाला, पाच-सहा मिनिटांत फळं फुटतात, मग सव्वा कप चिरलेला गूळ, एक चमचा लाल तिखट, पाऊण चमचा मीठ, आणि गूळ विरघळून दोन उकळ्या आल्या की बंद. हाही गार झाल्यावर घट्ट होतो, तेव्हा जरा सैलच उतरवा.

पहिल्यांदा मी हा आमच्या शेजारच्या आजींकडे दोन बरण्या घेऊन गेले, एकीत साधा सॉस आणि एकीत मेथांबा, की नाही आवडला तर दुसरा आहेच. मेथांब्याची बरणी आधी रिकामी झाली आणि पुढच्या वर्षीपासून त्या फोन करून तोच मागतात, त्यांना मेथी हा शब्द येतो आता. मुलं पोळीबरोबर खातात, थालीपीठाबरोबर तर विचारू नका.

आम्ही शाकाहारी आहोत, हा सॉस चालतो ना? त्यात जिलेटिन असतं असं ऐकलं.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून करतात, ते घरी केलेल्यात नसतं, तो फळाच्या पेक्टिननेच आळतो. कॅनमधल्या वडीतही नसतं. पण पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) क्रॅनबेरी सॅलड म्हणून एक हलणारा लाल प्रकार येतो तो बहुतेक वेळा जेलोचा असतो आणि त्यात जिलेटिन असतं, तिथे विचारून घ्या. स्टफिंगबद्दल पण विचारा, दिसतं पावाचं पण चिकनच्या पाण्यात भिजवलेलं असतं. शाकाहारी ताटात हा सॉस मॅश केलेल्या बटाट्याबरोबर, भाजलेल्या लाल भोपळ्याबरोबर आणि तव्यावर परतलेल्या पनीरबरोबर फार छान जातो.

थँक्सगिव्हिंग गुरुवारीच येतो आणि माझा गुरुवार असतो!

दर वर्षीची अडचण आहे ही. २०२५ मध्ये तर २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी आला, घट मांडून मी सॉसची बरणी घेऊन निघाले होते. साधा सॉस म्हणजे फळ, साखर, पाणी, आमच्या घरी तो उपासाला चालतो, मेथांबा चालत नाही. तुमच्या घरची पद्धत काय ते आई-सासूबाईंना विचारा. आणि यजमानांना दोन दिवस आधी मोकळेपणाने सांगा, लोक खूप समजून घेतात, माझ्यासाठी दर वर्षी एक रताळं वेगळं भाजून ठेवलेलं असतं.

भारतात करायचाय, क्रॅनबेरी म्हणजेच करवंद ना?

नाही. आईने पण पहिल्यांदा बॅग बघून "ही करवंदं का गं?" असंच विचारलं होतं, आणि चव घेतल्यावर तर तिची खात्रीच पटली. पण दोन्ही वेगळ्या कुळातली आहेत, करवंद आपल्या सह्याद्रीतल्या काटेरी जाळीवरचं, तोडलं की चीक येतो, क्रॅनबेरी उत्तर अमेरिकेतल्या दलदलीतली जमिनीसरपट वेल, तिला चीक नाही. बाजारात करवंदाला पण क्रॅनबेरी म्हणून विकतात, पाकिटावरचं नीट वाचा. करवंदांचा सॉस सुंदर होतो, कच्च्या करवंदांत पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही आहे, बिया काढायचा कंटाळा नसेल तर करा, पण ती एप्रिल-मेमध्ये मिळतात, नाताळात नाही.

सुकवलेल्या गोड क्रॅनबेरीचा करायचा तर एक कप फळं गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, त्याच पाण्यात शिजवा, साखर दोनच चमचे आणि एका लिंबाचा रस. आळणार नाही तितका, चटणीसारखा होईल. नाताळच्या जेवणाला मी असते तर सरळ महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घेतली असती, अर्धा किलोला पाऊण कप साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस, स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी म्हणून लिंबू हवंच, आणि एक आंबट सफरचंद सालासकट किसून घातलं तर आळायला मदत होते.

बाबा रक्त पातळ व्हायची गोळी घेतात, त्यांना देऊ का?

वॉरफरिन चालू असेल तर क्रॅनबेरी जास्त खाऊ नका असं त्या औषधाच्या माहितीत बऱ्याचदा लिहिलेलं असतं, म्हणून वाढायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. माझ्या अंदाजावर जाऊ नका.

पहिल्या थँक्सगिव्हिंगला हा सॉस होता का?

इंग्लंडहून इथे प्लिमथला येऊन राहिलेल्या लोकांच्या १६२१ च्या त्या जेवणाबद्दल जे लिहिलेलं उरलंय त्यात पक्षी आहेत, हरणं आहेत, सॉसचा उल्लेख नाही, आणि साखर त्या लोकांकडे जवळजवळ नव्हतीच. फळ मात्र त्याच्या खूप आधीपासून इथल्या वाम्पनोआग या मूळनिवासी लोकांचं आहे, ते खायचे, सुक्या मांसात चरबीबरोबर कुटून टिकवायचे, रंगाला वापरायचे. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर अक्विनाचे वाम्पनोआग अजूनही ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी क्रॅनबेरी डे पाळतात, मुलांना शाळेला सुट्टी असते आणि सगळे मिळून रानातली फळं वेचतात. आणि थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथला १९७० पासून काही मूळनिवासी लोक आपल्या गेलेल्या पूर्वजांच्या आठवणीने शोकदिन पाळतात. मी माझ्या मुलीला दोन्ही सांगते, फळ निवडायला बसलो की सांगते, ते फळ ज्यांचं होतं त्यांचं नाव न घेता नुसती रेसिपी शिकवणं मला बरं वाटत नाही.

उरलेल्या सॉसचं काय करू?

उरतच नाही पण उरला तर शुक्रवारी सकाळी ब्रेडला एका बाजूला लोणी एका बाजूला सॉस लावून मध्ये चीज घालून तव्यावर भाजा. दह्यात दोन चमचे फेटून श्रीखंडासारखं मुलांना द्या. किंवा अर्धा कप सॉसमध्ये भाजलेलं जिरं, काळं मीठ, तिखट घालून सैल करा, सामोशाबरोबर चिंचेच्या चटणीच्या जागी चालतो. त्यातूनही राहिला तर छोट्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाका आणि डब्यावर तारीख लिहा, माझ्या फ्रीजरमध्ये आत्ता एक डबा आहे, संक्रांतीला पोळ्यांबरोबर काढणार आहे.